बदली आल्याशिवाय

४ मार्च

ताई,

आज तीन ऑफिसांत जाऊन आलो. पहिल्या ठिकाणी साहेब रजेवर होते. दुसऱ्या ठिकाणी कागद ठेवून घेतले. तिसऱ्या ठिकाणी न उघडताच परत दिले. येताना वॉशर आणला आणि मोरीतल्या नळाला बसवला. नळ आता गळत नाही.

तुझा पत्ता आईनं दिला. फोन नंबरही तिच्याकडे आहे, पण तो देत नाही. म्हणते, "फोन ती ठेवून देईल. पत्र फाडायला तरी हातात घ्यावं लागतं." म्हणून लिहितोय. मला पत्रं लिहायची सवय नाही, त्यामुळे चुकलंमाकलं तर सोडून दे.

बाबा गेले तेव्हा तू का आली नाहीस, हे विचारायला लिहीत नाही. आईनं तुला कळवलं होतं एवढं माहीत आहे. तू काय म्हणालीस ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आपल्या घरातली अळीमिळी गुपचिळी तुला नवीन नाही. तुझ्या लग्नाला बाबा आले नाहीत, कॉन्ट्रॅक्ट वाढवून बोटीवरच राहिले, आणि तेव्हापासून तू या घरात पाऊल टाकलं नाहीस. त्यावरही आपल्याकडे कधी कोणी बोललं नाही. मी तेव्हा शाळेत होतो. मला फक्त तुझी खोली मिळाली.

मी आता मरीन इंजिनिअर झालोय. निकाल जानेवारीत लागला. बाबांनी सर्टिफिकेट हातात घेतलं, उलटून मागची बाजू पाहिली आणि म्हणाले, "इकडे कोरं आहे. हे बोटीवर भरतं." त्यानंतर महिनाभरात ते गेले. सकाळी बॅग भरत होते. पुढच्या बोटीचं बोलावणं आलं नव्हतं, पण ते नेहमीच अर्धी बॅग आधी भरून ठेवायचे. आई चहा घेऊन आली तर बॅगेशेजारी जमिनीवर बसलेले. झोप लागलीय असं तिला वाटलं, म्हणून चहावर झाकण ठेवून ती परत गेली.

बॅग अजून तिथेच आहे, बोळात. येता-जाता पाय अडखळतो. आई हलवू देत नाही.

आई बरी आहे. आपण लहान असताना तिला एका गोळीनं अंगभर पुरळ उठलं होतं, आठवतं? त्या गोळीचं नाव लक्षात असेल तर कळव. सहज विचारतोय.

भोंगा

(हे नाव तूच ठेवलं होतंस. अजून कोणी कोणी म्हणतं.)


१७ मार्च

ताई,

आज सुट्टी, ऑफिसं बंद. बंदराच्या भिंतीपर्यंत चालत गेलो, परत आलो, जेवलो, पुन्हा गेलो. आई म्हणाली, "पायाला भिंगरी लागलीय का रे तुझ्या?" घरात बसलं की मी काहीतरी उघडत बसतो. काल पंखा उघडला. बिघडलेला नव्हता.

तुझं उत्तर मिळालं. कार्डावर गोळीचं नाव, मोठ्या अक्षरांत, खाली दोन रेघा. बाकी काही नाही. आईनं ते उलटसुलट पाहिलं. म्हणाली, "अक्षर आहे तसंच आहे. शाईवर राग काढते." आणि स्वयंपाकघरात डब्यांना टेकवून उभं करून ठेवलं.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. आईला चक्कर येते. रक्तदाब वाढलाय. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत, त्या वेळेवर घेतल्या तर काळजी नाही. पण ती 'घेतली' म्हणते आणि घेतलेली नसते. समोर उभं राहावं लागतं.

नोकरीचं सांगतो. बंदराजवळ एक इमारत आहे, तिच्या प्रत्येक मजल्यावर बोटींसाठी माणसं घेणारी ऑफिसं. सगळीकडे सारख्याच खुर्च्या, भिंतीवर बोटींचे सारखेच फोटो. बोलणंही सारखंच होतं.

"अनुभव?"

"पहिलीच बोट हवी आहे."

"आमच्याकडे निदान एक कॉन्ट्रॅक्ट केलेला लागतो."

"पण पहिली कोणी दिलीच नाही तर..."

"बरोबर आहे," तो म्हणतो. "सगळे हेच म्हणतात."

म्हणजे पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरू नकोस. खालचा वॉचमन आता मला ओळखतो. परवा म्हणाला, "या ज्युनिअरसाहेब! आज कितवा मजला?"

म्हटलं, "सगळे झाले."

"गच्ची राहिली. तिथं टाकी वाहते आहे कालपासून. कंपनी चांगली आहे, माणसाची गरजही आहे."

तो हसत होता, पण मी खरंच वर गेलो. टाकीचा तरंगता गोळा अडकला होता. सोडवला. पाणी थांबलं. खाली आल्यावर त्यानं मला चहा दिला. इतक्या दिवसांत इंजिनिअर म्हणून केलेलं हे पहिलं काम.

माझ्या वर्गातल्या चष्म्याला बोट मिळाली. त्याचा मामा एका कंपनीत आहे. मला म्हणाला, "अरे, तुझे बाबा एवढे जुने सेकंड इंजिनिअर, त्यांचं नाव टाक की सरळ!" पण बाबांनीच सांगितलं होतं, "वर ऑफिसात माझं नाव सांगू नकोस. बोट खाली चालते." मी त्यांच्या कंपनीच्या मजल्यावर एकदाही गेलेलो नाही.

मध्ये दुसऱ्या एका कंपनीची जागा आली होती. जमली नाही.

आणखी एक. बाबांना अजून फोन येतात. कोणी जुना सोबती, कोणी बँकेतून. आई उचलते आणि सांगते, "ते बोटीवर आहेत." पहिल्यांदा मला वाटलं, जीभ घसरली. दुसऱ्यांदा शेजारच्या काकू समोर बसल्या होत्या. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे. तिला सगळं कळतं, ताई. रात्री ती एकच ताट कमी मांडते आणि चुकत नाही. पण फोन वाजला की तेच. तीस वर्षं त्या प्रश्नाला तेच उत्तर होतं, आणि ते खरंही असायचं.

मला तिला अडवता येत नाही. खरं सांगायचं तर तिचं ऐकताना मला घटकाभर बरं वाटतं.

भोंगा


२ एप्रिल

ताई,

आज बाबांच्या कंपनीत गेलो. स्वतःसाठी नाही, जावं लागलं म्हणून.

परवा मी आंघोळीला असताना तिथून फोन आला होता. एका जुन्या बोटीवर सेकंड इंजिनिअर हवा होता, लगेच. बाबांनी ती बोट पूर्वी केली होती. आईनं मला संध्याकाळी सांगितलं, भाजी आणायला सांगावं तितक्या सहज : "कंपनीचा फोन होता. मी सांगितलं, येतील म्हणून."

"कोण येतील?"

तिनं हातातला चमचा खाली ठेवला. मग म्हणाली, "ते नेहमी होच म्हणायचे ना रे. मी त्यांच्या वतीनं कितीदा हो म्हटलंय." आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

म्हणून सांगायला गेलो. फोनवरही सांगता आलं असतं. पण ज्या कंपनीत त्यांनी आयुष्य काढलं तिथे हे फोनवर सांगणं मला बरं वाटलं नाही.

माणसं नेमणारा साहेब स्वतः पूर्वी बोटीवर इंजिनिअर होता, आता खुर्चीवर बसतो. पोट थोडं सुटलेलं, हातावर जुना भाजल्याचा डाग. मी आडनाव सांगितलं तसा उठूनच उभा राहिला.

"या, या! सेकंडसाहेब कुठे आहेत? लिफ्टनं येणार नाहीत ते, जिन्यानं येत असतील."

"ते नाहीत."

"खाली थांबलेत? अहो, वर बोलवा की!"

"नाहीत म्हणजे... वारले. फेब्रुवारीत."

तो उभाच राहिला. "पण परवा वहिनी म्हणाल्या, येतील."

"आई सगळ्यांना ते बोटीवर आहेत असंच सांगते."

त्यानं खुर्ची ओढली, बसला, पुन्हा उठला आणि दार लावून घेतलं. मग बराच वेळ टेबलावरचं पेपरवेट फिरवत होता. मला वाटलं, आता निघावं. तेवढ्यात त्यानं विचारलं, "तुमच्या बहिणीचं लग्न... त्या कुठे असतात आता?"

पुढचं आज लिहवत नाही. आई जेवायला हाक मारते आहे.


३ एप्रिल

कालचं पत्र पाठवलं नव्हतं. त्यालाच जोडून लिहितो.

तुला बोटीवरची एक गोष्ट माहीत असायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. बोटीवर इंजिनिअर आपली जागा सोडतो तेव्हा त्याच्या बदली दुसरा आलेला असतो. पण बदली आला म्हणजे झालं असं नाही. जुना त्याला सगळीकडे फिरवतो. कुठला पंप नाटकं करतो, कुठली झडप उलटी फिरते, सगळं हात लावून दाखवतो. मग नवा म्हणतो, "घेतली." ते ऐकल्याशिवाय जुन्यानं इंजिनरूममधून वर यायचं नसतं. रोजच्या पाळीलाही हेच. आणि नवा 'घेतली' म्हणाला तरी जुन्याला खात्री वाटली नाही, तर त्यानं द्यायची नाही. हे कॉलेजात पहिल्या आठवड्यात शिकवतात. आपल्याला घरातही माहीत होतं. बाबा सुट्टीवर आले की आई त्यांना गंमतीनं म्हणायची, "घेतलं का घर? मग मी जाते माहेरी."

तुझ्या लग्नासाठी बाबांनी सुट्टी मागितली होती. मिळाली होती. बदली माणूस बंदरात येऊन बोटीवर चढलाही होता. तो माणूस म्हणजे हा ऑफिसातला साहेब. तेव्हा नुकताच सेकंडची परीक्षा पास झालेला.

तो सांगत होता ते त्याच्याच शब्दांत लिहितो.

"मी चढलो तेव्हा तुमचे वडील नवा शर्ट घालून, दाढी करून तयार. बॅग गँगवेपाशी, उतरायच्या शिडीजवळ ठेवलेली. मला म्हणाले, पोरीचं लग्न आहे, लवकर फिरू. दीड तासात बोट सुटणार होती आणि पुढचं बंदर समुद्रापलीकडे. आम्ही फिरलो. माझं डोकं चालत नव्हतं, पण मी प्रत्येक गोष्टीला हो, हो म्हणत होतो. शेवटी म्हटलं, घेतली. ते जिना चढायला लागले. अर्ध्यातून परत आले. म्हणाले, समज दिवे गेलेत, बॉयलरमध्ये आग भडकलीय. तेल कुठून तोडशील? डोळे मिटून हात ठेवून दाखव. मी हात ठेवला. ते म्हणाले, परत. मी परत तिथंच ठेवला. ती पाण्याची झडप होती."

मी विचारलं, "मग?"

"मग काही नाही. त्यांनी शर्ट काढून घडी घातली, कामाचा बॉयलरसूट चढवला. बॅग परत केबिनमध्ये. चीफ इंजिनिअर म्हणाले, अरे तू जा, मी बघून घेईन. पण चीफ म्हातारे होते, गुडघ्यांनी अधू. तुमचे वडील म्हणाले, खाली तेरा माणसं आहेत. मला वाटलं, आता मला कानफटात मारणार. तर म्हणाले, चल, पहिल्यापासून."

त्यानं त्यांना म्हटलं होतं, घरी माझं नाव सांगा, माझ्यामुळे झालं म्हणून सांगा. बाबा म्हणाले, "घरी काय सांगायचं? मी गेलो नाही, एवढंच खरं."

ताई, हे वाचून तू त्यांना माफ करावंस म्हणून लिहिलेलं नाही. मीही काल घरी येताना यावर विचार करत होतो, दोन थांबे आधीच उतरलो आणि चालत आलो. एकदा वाटलं, बरोबर केलं. मग वाटलं, तेरा माणसांची काळजी होती, मग तू कितवी? त्यांनी निवड केली हे खरंच आहे. तुला त्याचा राग आला तो खोट्या गोष्टीवर नव्हता. फक्त 'कॉन्ट्रॅक्ट वाढवलं' या दोन शब्दांत जे होतं ते एवढं होतं. ते आता तो साहेब आणि आपण दोघं सोडून कोणाला माहीत नाही. आईला अजून सांगितलेलं नाही.

शेवटी साहेबानं माझी फाइल मागितली. मी म्हटलं, मी त्यासाठी आलो नव्हतो. तो म्हणाला, "वडिलांच्या नावानं देत नाही. ते भुतासारखे उशाशी येऊन उभे राहतील. एक प्रश्न विचारतो." आणि त्याच जुन्या बोटीबद्दल विचारलं, दिवे गेल्यावर अमुक एक गोष्ट कुठून बंद करशील.

मी म्हटलं, "माहीत नाही. मी ती बोट पाहिलेली नाही. कोणीतरी दाखवायला लागेल."

तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "एवढं वाक्य मला त्या दिवशी सुचलं नाही."

ज्युनिअर इंजिनिअरची जागा आहे. याच महिन्याच्या शेवटी चढायचं. मी विचार करून सांगतो म्हटलं. पहिली बोट मिळत असताना 'विचार करून सांगतो' म्हणणारा मुलगा त्यानं बहुतेक पहिल्यांदाच पाहिला असेल.

भोंगा


११ एप्रिल

ताई,

तुझं काही आलं नाही. पोस्टमन आला की मी आधीच दारात असतो. आज तो म्हणाला, "नाही रे बाबा. असतं तर खालूनच ओरडलो असतो."

मागे लिहिलं होतं की एक जागा जमली नाही. ती जमली होती. मी नाही म्हटलं. त्या दिवशी आई मोरीत चक्कर येऊन पडली होती. कपाळाला टाके पडले. मी घरी होतो म्हणून उचलली. तिला मी कंपनीनं नाकारलं असं सांगितलं आणि तिनं कंपनीला शिव्या घातल्या. आईला शिव्या येतात हे मला माहीत नव्हतं.

या वेळी ती फसणार नाही. साहेबाचा फोन आला तेव्हा ती समोरच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर बोळ मोकळा. बॅग तिच्या खोलीत, रिकामी, उन्हात उघडी ठेवलेली. बाबांचे कपडे तिनं धुऊन घडी करून कपाटात ठेवले होते. मला म्हणाली, "तुझी बॅग चेन तुटलेली आहे. ही घे. हिला सवय आहे."

"आणि तू?"

"मी काय? तीस वर्षं मला कोण सांभाळत होतं?"

"तेव्हा तुला चक्कर येत नव्हती."

"तेव्हा यायला वेळ नव्हता."

काकू म्हणतात, आम्ही आहोत ना. काकूंचं मन मोठं आहे, पण त्यांना ऐकू कमी येतं. आई पडली तेव्हा त्या भिंतीपलीकडे बसून टीव्ही पाहत होत्या.

मी खूप विचार केला. निम्मा विचार चालताना केला, आईच्या भाषेत भिंगरीवर. बाबांनी बदली पक्का वाटला नाही म्हणून जागा सोडली नाही. त्यात तुझं लग्न गेलं. मी त्यांच्यावर चिडू की त्यांच्यासारखं करू, हे मला कळत नाही. पण वागायची वेळ आल्यावर दुसरं काही सुचतही नाही. बदली आल्याशिवाय मी घर सोडणार नाही. हा धाक नाही. तू आली नाहीस तर तुझ्यावर रागावणार नाही, साहेबाला नाही कळवीन, आणि पुन्हा पहिल्या मजल्यापासून सुरू करीन. वॉचमनला आनंद होईल.

पण आलीस तर काय काय घ्यावं लागेल ते लिहून ठेवतो.

गॅसची टाकी बंद करताना बटण थोडं वर उचलून फिरवायचं, नाहीतर बंद झाल्यासारखं वाटतं आणि झालेलं नसतं. पाण्याचा पंप सुरू केला की आधी खोकतो, घाबरू नये, पण खोकणं थांबलं नाही तर लगेच बंद करावा. तुझ्या खोलीची खिडकी लागत नाही, कागदाची घडी घालावी लागते. गोळ्या सकाळी आणि संध्याकाळी. 'घेतली' म्हणाली तर विश्वास ठेवायचा नाही, घोट गिळताना बघायचं. मग ती म्हणते, "तोंड उघडून दाखवू?" म्हणावं, दाखव. मोरीत मी एक दांडा बसवलाय धरायला. भिंतीत खोल आहे, माझं वजन टाकून पाहिलंय.

दुपारी ती पडते तेव्हा पंखा बंद करू नये. गार वाटलं तरी. आवाज थांबला की तिला जाग येते. बाबांची ही सवय तिला कधी लागली कोण जाणे. बोटीवरच्या लोकांना इंजिनाच्या आवाजात झोप लागते आणि ते थांबलं की जाग येते.

आणि फोन आला तर ती काय सांगते ते तुला माहीत आहे. अडवायचं की नाही, ते तू ठरव. मला जमलं नाही.

साहेबाला वीस तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे.

भोंगा


१९ मे

ताई,

आज इंजिनरूममध्ये सकाळची पाळी केली. एका गाळणीची सफाई केली, दोन पंपांच्या नोंदी घेतल्या, तेल सांडलं होतं ते पुसलं. उकाडा खूप आहे. जेवण बरं मिळतं. हे पत्र पुढच्या बंदरात टाकीन.

त्या दिवशी तू दारात उभी होतीस तेव्हा बोलायचं राहिलं, ते आता लिहितो. तू एवढीशी पिशवी घेऊन आली होतीस. म्हणालीस, "चार दिवसांसाठी आलेय. फार आशा लावू नकोस." आई स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. आतूनच म्हणाली, "चपला बाहेर काढ. लादी ओली आहे." आठ वर्षांनी. मग किती वेळ नुसता भांड्यांचा आवाज येत होता.

चार दिवस झाले, मग आठ झाले, तू परत जायचं काढलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. निघायच्या दिवशी मी तुला फिरवायला लागलो. गॅस, पंप, गोळ्या, खिडकी. तू हाताची घडी घालून मागे मागे येत होतीस. मी विचारलं, "समज दिवे गेले. पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे?"

तू म्हणालीस, "भोंग्या, मी या घरात तुझ्या आधी जन्मलेय."

"तरी दाखव."

तू गेलीस आणि डोळे मिटून बरोबर कॉकवर हात ठेवलास. मग डोळे न उघडताच विचारलंस, "त्या माणसाला खरंच झडप सापडली नव्हती?"

"दोनदा नाही."

"मूर्ख," तू म्हणालीस.

कोणाला म्हणालीस, ते मी विचारलं नाही. गाडीत बसल्यावर सगळा रस्ता त्याचाच विचार करत होतो. त्या साहेबाला असेल, बाबांना असेल. कदाचित आपल्या तिघांनाही असेल. तुला सांगावंसं वाटलं तर सांग, नाहीतर राहू दे.

मग तू बॅग उचलून माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "घेतलं. जा आता."

इथे माझी पहिली पाळी होती तेव्हा माझ्या आधीचा इंजिनिअर घाईत होता. त्याला झोप आली होती. मला म्हणाला, "सगळं ठीक आहे, म्हण घेतली." मी म्हटलं, एक झडप सापडत नाही, दाखवून जा. तो वैतागला, चार शब्द बोलला, पण परत उतरला आणि त्यानं दाखवली. आता सगळे मला 'दाखवून जा' म्हणतात. नावाचं एक बरं झालं, भोंग्यापेक्षा बरं आहे.

परवा बंदरातून फोन केला, तू उचललास. "कोण, भोंगा?" म्हणालीस. मग तू सांगितलंस की सकाळी बाबांसाठी कोणाचा तरी फोन होता. तू उठायच्या आधी आईनं उचलला. ती म्हणाली, "ते नाहीत आता. वारले. मुलगा बोटीवर असतो." आणि फोन ठेवून पोळ्या लाटायला गेली.

मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. मागे रांगेत माणसं होती.

इथे कपडे आपले आपण धुवायचे असतात. यंत्र आहे, पण इंजिनरूमचा बॉयलरसूट त्यात टाकू देत नाहीत, तेलकट असतो म्हणून. बाबांच्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात लाकडी चिमटे निघाले. आई ते काढायला विसरली असेल, किंवा नसेल.

पत्र इथेच थांबवतो. सूट बादलीत भिजतोय. तो घासायचा आहे, पिळायचा आहे, आणि बॉयलरजवळच्या दोरीवर चिमटे लावून टाकायचा आहे. उद्याच्या पाळीपर्यंत वाळेल.